नऊ नंबरचं वर्ष

...ठिपका जरा मोठाच पडला. लाल पेन्सिलीचं टोक बोथट झालं की असंच होतं, ठिपक्याचा डाग होतो, आणि एकोणतीसच्या खाली तो असा लालभडक दिसतो, जणू त्या आकड्याला काही लागलंय. त्याने पेन्सिल बोटांत फिरवली, शिशाची एक धार शोधून काढली आणि अठ्ठावीसच्या खाली दुसरा ठिपका दिला. हा बरा होता. मग सत्तावीस. मग सव्वीस.

महिना उलटा वाचायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे, ही त्याची पद्धत. सुलटं वाचताना डोळा आळशी होतो. एक दिसला की पुढचे दोन-तीन न बघताच मोजून टाकतो. उलटं वाचताना मात्र प्रत्येक आकड्यापाशी थांबावं लागतं, त्याला विचारावं लागतं की बाबा, तू आहेस ना, आणि तो आहे म्हणाला की खाली ठिपका. ज्याच्याखाली ठिपका नाही तो आकडा त्याने पाहिलेला नाही. सगळ्या छापखान्याला हे ठाऊक होतं. कॅलेंडरं छापणारा छापखाना. वर ग्राहकाच्या दुकानाचं नाव, मध्ये डोंगर नाहीतर फुलं, आणि खाली वर्ष. डोंगर चुकला तर कुणी बोलत नाही. वर्ष चुकलं तर मालकाला तोंड दाखवायला जागा राहत नाही, म्हणून वर्ष तपासायला तो होता, तारीखवाला. त्याला नावाने हाक मारणारं माणूस छापखान्यात आता उरलेलं नव्हतं.

पंचवीस. चोवीस.

नोव्हेंबर चालला होता म्हणे. बाहेरच्यांचा. त्याचं पुढचं वर्ष केव्हाच सुरू झालेलं होतं, दरवर्षीसारखंच, आणि बँकेत, पोस्टात कुठेही तारीख घालताना तो हटकून पुढचं साल घालायचा आणि मग खोडायचा. बायको पाहुण्यांना सांगायची, "आमचे हे पुढच्या वर्षी राहतात. जेवायला तेवढे या वर्षात येतात." पाहुणे हसायचे. तोही हसायचा. पण पुढचं म्हणजे तरी काय? छापखान्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात खिळे जुळवणाऱ्या जुन्या जुळाऱ्याने त्याला मागच्या खोलीत नेऊन ते लाकडी कपाट दाखवलं होतं. चौदा खण, एकेकात एका वर्षाचा जुळवून ठेवलेला साचा. सात साधे, सात लीपचे. वर्षाची सुरुवात सातांतल्या कुठल्यातरी एका वाराने होणार आणि फेब्रुवारीला एक दिवस जास्त असणार किंवा नसणार, त्यापलीकडे वर्षाला काही करता येत नाही. "जगात वर्षं चौदाच, पोरा," जुळारी म्हणाला होता, "बाकी नुसतं रंगकाम." आता खण नव्हते, कपाटही कधीच भंगारात गेलं, सगळं संगणकात शिरलं, पण बोलताना अजून तेच. यंदा कितीचा खण? यंदा एकाचा. आणि पुढच्या वर्षी?

पुढच्या वर्षी नवाचा.

साधे खण दर काही वर्षांनी उघडतात, ते ओळखीचे होऊन जातात. लीपचा खण एकदा मिटला की अठ्ठावीस वर्षं उघडत नाही. नऊ नंबर म्हणजे सोमवारी सुरू होणारं लीप वर्ष. नोकरीत हा खण त्याने एकदाच पाहिला होता, आणि तो पुन्हा उघडेल तेव्हा आपण इथे नसू असं तो धरून चालला होता. पण माणूस टिकतो. कारण नसताना टिकतो.

तेवीस. ठिपका.

...अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या इस्पितळाच्या बाकासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. आमच्याच छापखान्याचं. वर कुठल्यातरी औषधाच्या दुकानाचं नाव, धबधबा, आणि खाली मीच तपासलेला फेब्रुवारी. मला बसवून ठेवलेलं होतं आणि आतून काही कळत नव्हतं, आणि हाताला काही काम नव्हतं, म्हणून मी तो महिना उलटा वाचत बसलो. एकोणतीसपासून एकपर्यंत. पुन्हा एकोणतीसपासून. चूक सापडत नव्हती. काहीतरी चुकलंय हे तर दिसत होतं, नर्स ज्या तऱ्हेने धावत गेली त्यावरून दिसत होतं, पण कागदावर चूक नव्हती. मग दार उघडलं आणि ती म्हणाली, "बाई वाचल्या." एवढंच म्हणाली. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलंच नाही, आणि ते येणार नाही हे कळेपर्यंत माझे डोळे त्या एका चौकोनावर होते, गुरुवारच्या ओळीतल्या. मुलगी होती असं नंतर कुणीतरी सांगितलं. तिने दिवस पाहिला तो तेवढाच, आणि तोही पुरता नाही...

एकवीस. वीस. एकोणीस.

त्याने फेब्रुवारी संपवला, खाली सही ठोकली. तारखेत पुढचं साल घातलं, खोडलं, चालू साल घातलं. लीप वर्षाच्या फेब्रुवारीत सगळ्यांची नजर एकोणतीसवर असते, म्हणून त्याने पुन्हा एकदा एकोणतीस पाहून घेतला. होता. गुरुवारीच होता. संगणकावर बसणारी मुलगी पानासाठी हात पुढे करून उभीच होती.

"झालं, काका? दुपारी मशीनवर चढवायचंय."

"झालं."

"तुम्ही आज फारच गप्प."

"मी रोज बडबडतो का?"

"नाही, पण रोज निदान खेकसता तरी," ती म्हणाली आणि पान घेऊन गेली.

खिशात हात गेला. खिशात काही नव्हतं, तरी काल संध्याकाळपासून हात आपला जातच होता, जणू तो फोन कागदावर उतरून तिथे बसलाय. काल मालकांच्या खोलीतल्या फोनवर इस्पितळातली बाई बोलली होती. तुमच्या मिसेसच्या झडपेच्या ऑपरेशनला तारीख मिळाली आहे, बावीस फेब्रुवारी, आणि तो काही ठरवण्याच्या आत तोंडातून निघून गेलं, "गुरुवार." पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "थांबा हं... हो की, गुरुवारच! तुम्हाला कसं कळलं?" मग तिचा सूर कामाचा झाला. घरच्यांचं हो उद्या संध्याकाळपर्यंत लागेल. नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, आणि मग कधी ते सांगता येणार नाही. आणि हृदयाचं काम आहे, डॉक्टर म्हणाले आहेत की फेब्रुवारीच्या पुढे नको. "कळवतो," तो म्हणाला होता. घरी गेल्यावर त्याने बायकोला काहीच सांगितलं नाही. जेवला, हात धुतले, झोपला. किंवा पडून राहिला.

काय सांगायचं? की तारीख मिळाली आहे पण ती घ्यायची नाही? का नाही, विचारलं तर? खण नऊ नंबरचा आहे म्हणून? हे वेडेपण आहे हे त्यालाही कळत होतं. तोच दिवस परत येत नाही, येतो तो नुसता आकडा आणि वार, रिकामा चौकोन, रंगकाम. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तरीही त्याच्याइतकं हेही कुणाला ठाऊक नव्हतं की साचा तोच आहे, रेघ न रेघ तीच, आणि साच्यात घातलेलं तसंच बाहेर येतं. नाही म्हणावं तर तिचा श्वास जिन्यात अडतो. तीन पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहते आणि उगीच शेजारच्या कुंडीकडे बघत असल्याचं सोंग करते. हो म्हणावं तर... इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. त्याला भीती वाटत होती. साधी, उघडी भीती, आणि ती बोलून दाखवायला अठ्ठावीस वर्षांत त्याने घरात एक शब्द तयार ठेवला नव्हता.

त्या गुरुवारी गेलेल्या मुलीबद्दल दोघं कधी बोललेच नाहीत. बायको विसरली, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बरं झालं विसरली, असंही. नंतर मूल झालं नाही. तिने शिवणकाम घेतलं, शेजारपाजारच्या मुलींचे फ्रॉक शिवले, हसली, चिडली, तिच्या बहिणीशी भांडून पुन्हा गोड झाली. दर फेब्रुवारीत बावीस तारीख यायची आणि जायची आणि तो तिच्याकडे चोरून पाहायचा. ती कधी सुईत दोरा ओवत असायची, कधी दुधावर लक्ष ठेवून असायची.

दुपारी तो जेवायला घरी गेला. घर छापखान्याच्या मागच्याच गल्लीत. स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसून डबे पुसत होती, आणि फळ्यांवर नवे कागद अंथरलेले होते. छापखान्यातले बाद झालेले कागद तो घरी आणायचा, वर्षानुवर्षं, काल संध्याकाळीही आणले होते, आणि ती ते कापून फळ्यांवर घालायची. तिच्या डब्यांखाली सगळ्यांच्या आधी पुढचं वर्ष लागलेलं असायचं.

"बसा. वाढते," ती म्हणाली.

"तू उठू नकोस. मी घेतो."

"घ्याल हो, मग मीठ कुठे आहे ते विचाराल." ती उठली, वाढलं, पुन्हा स्टुलावर बसली. बसताना श्वास जरा मोठा घेतला, आणि तो मोठा नाही असं दाखवण्यासाठी लगेच बोलली. "हॉस्पिटलचा फोन आला होता ना तुम्हाला?"

घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मीच काल सकाळी करून ठेवलाय. त्या बाईनं दोन तारखा दिल्या, आठ आणि बावीस. मी म्हटलं बावीस. तर म्हणाली, मिस्टरांना विचारते. म्हटलं विचारा."

"आठ होती?"

"होती."

"मग आठ का नाही?" आवाज चढला, त्याला नको असताना चढला. "लवकर झालेलं बरं नाही का? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू? आठ सोडून बावीस कशाला मागून घेतलीस?"

ती डबा पुसत राहिली. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला वार ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"त्या दिवशी मीही जाणार होते," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दूध नासलं असं सांगावं तशी. "ऐकू येत होतं मला. डॉक्टर म्हणत होते, ही पण हातची जाते. मी गेले नाही. आले परत. म्हणजे त्या तारखेत शिरून बाहेर कसं यायचं ते मला माहीत आहे हो. आठ तारखेचं मला काही माहीत नाही. आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. जेवा."

"आणि काय, अगं?"

"जेवा म्हटलं ना. गार होतंय." मग तिने फळीकडे मान वळवली. "एक विचारू? रागवू नका. वार बघावा म्हणून मी सकाळी डबे उचलून कागद पाहिला. त्यात बावीस नाहीच आहे. एकवीस दोनदा आहे आणि मग एकदम तेवीस. मला वाटलं, तुम्हीच काढलात की काय."

तो खरकट्या हातानेच उठला. डबे बाजूला सरकवले, एक पडला, झाकण गडगडत दारापर्यंत गेलं. फळीवर फेब्रुवारी होता. वीस, एकवीस, एकवीस, तेवीस. कालचं कच्चं पान. आणि आज सकाळी पक्क्या पानावर त्याने सही केली होती. उलटं वाचून, एकेका आकड्याला विचारून. एवढ्या वर्षांत एक आकडा त्याच्या नजरेखालून निसटला नव्हता.

"मी नाही काढला," तो म्हणाला.

"बरं."

"देवाशपथ, मी नाही काढला गं."

"बरं म्हटलं ना मी," ती म्हणाली. "हात धुवा आणि पळा. छापून झालं तर मालक तुम्हालाच भिंतीवर टांगतील."

तो गल्लीतून पळाला. या वयात, चपलेचा अंगठा तुटत आलेला, आणि डोक्यात बावीस नव्हे, मशीन नव्हे, तर ते 'आणि'. आणि काय? आणि तिथे ती आहे, असं? परत यायची वाट माहीत आहे म्हणतेस, पण तिकडची वाटही तीच की... मला कसं कळणार कुठल्या वाटेसाठी तू ती तारीख मागून घेतलीस? तुला विचारू कसा? विचारलं तर खरं सांगशील, आणि ते खरं मला झेपेल?

मशीन गरम होत होतं, कागद चढलेला होता. त्याने ओरडून थांबवलं. संगणकावरची मुलगी धावत आली, फाइलमधून त्याचं पान काढलं, त्याच्यासमोर धरलं, आणि तिचा चेहरा पडला.

"काका... सही आहे तुमची."

सही होती. आणि एकोणतीसपासून एकपर्यंत लाल ठिपकेच ठिपके होते. तेवीसच्या खाली ठिपका. एकवीसच्या खाली ठिपका. मधल्या चौकोनात दुसरा एकवीस, आणि त्याच्याखाली कोरा कागद.

"म्हणजे तुम्ही हा पाहिलाच नाही," मुलगी हळूच म्हणाली. तिला बोल लावायचा नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं. "चुकीचा आकडा पाहून सोडला असता तर ठिपका पडला असता ना? तुम्ही इथे आलाच नाहीत."

"नाही," तो म्हणाला. "आलो नाही."

"चूक माझी आहे, काका. एकोणतीस वाढवताना मी गुरुवारची ओळ पुन्हा टाइप केली होती."

"तुझी नाही. आकडा घाल आणि नवं पान काढ."

तिने आकडा घातला, नवं पान काढलं, कोमट पान त्याच्या टेबलावर ठेवलं आणि जरा वेळ रेंगाळून निघून गेली. बावीस होता आता. काळा, दोन आकड्यांचा, शेजाऱ्यांइतकाच. त्याने पेन्सिल घेतली. टोक बोथटच होतं. संध्याकाळ व्हायला आली होती, मालकांच्या खोलीतला फोन अजून वाजला नव्हता, आणि तो वाजणार हे मात्र मशीनच्या आवाजातही ऐकू येत होतं.

एकोणतीस. अठ्ठावीस. हात सवयीने उलटा निघाला. पंचवीस, चोवीस, तेवीस, आणि तिथे खरोखरच काहीतरी अडलं. बोटं एकवीसकडे ओढ घेत होती, मधल्या चौकोनात पाय टाकायचा नाही असा त्यांचा आपला जुना करार होता, त्याला न विचारता केलेला. त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. वेड्यासारखं दिसत असणार. दिसू दे. बावीसच्या खाली ठिपका पडला. चांगला मोठा पडला, डागच.

काही झालं नाही. भिंत होती, बाक होता, धबधबा होता, दार होतं. बाई वाचल्या. तो बसून होता. आणि बसल्या बसल्याच त्याला दिसलं की आपण इथे नव्याने आलेलो नाही. आपण इथून गेलोच नव्हतो. एवढी वर्षं पुढचं साल, पुढचं साल करत जे तपासलं ते सगळं या बाकावर बसूनच, आणि या चौकोनाला न पाहण्याचं कारण एवढंच की माणूस ज्या खोलीत राहतो ती खोली त्याला बाहेरून कधी दिसत नाही.

मग त्याने कधी केली नव्हती ती गोष्ट केली. तिथूनच सुलटा निघाला. बावीस. तेवीस.

तेवीस, शुक्रवार. त्या शुक्रवारी काय झालं होतं?

त्याला आठवेना. त्याने डोळे मिटले, जोर लावला. गुरुवारचा सगळा गुरुवार पाठ होता, नर्सच्या चपलांपासून औषधाच्या दुकानाच्या फोन नंबरपर्यंत. शुक्रवारचं काहीच नव्हतं. ती जागी केव्हा झाली? पहिल्यांदा काय मागितलं तिने? पाणी? पाळणा रिकामा का, हे तिने कुणाला विचारलं? माझ्याकडे पाहिलं असेल. मी शेजारीच असणार, दुसरीकडे कुठे जाणार होतो मी? शेजारी असेन आणि भिंतीकडे बघत असेन. शुक्रवार आला तेव्हा ती त्यात गेली होती, अंगात रक्त नसलेली, दूध भरलेलं आणि प्यायला कुणी नाही अशी, आणि एकटी गेली होती. मग शनिवारी एकटी, मग रविवारी. ती विसरली असं मी म्हणत होतो... ती विसरली नव्हती. ती पुढे निघून गेली होती, आणि तिथे पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं असेल तर मी नव्हतो.

'आणि...' ती दुपारी म्हणाली होती. आणि या वेळी तुम्हीही बरोबर या, असं?

फोन वाजला. एकदा, दोनदा. मालकांनी खोलीतून हाक मारली, "अहो तारीखवाले, हॉस्पिटलचा आहे!"

"आलो," तो म्हणाला.

त्याचं बोट तेवीसवर होतं. ते उचलवेना.